सँ-व्हेराँ

फ्रान्सच्या आग्नेय भागातील ओत-आल्प जिल्ह्यातले, इटलीच्या सीमेलगतच्या केरास खोऱ्यातले डोंगरी गाव. उंची सुमारे 2,040 मी., लोकवस्ती तीनशेहून कमी. ‘युरोपातील सर्वांत उंच गाव’ हे बिरुद गावाला कौतुकाने लावले जाते. पण स्वित्झर्लंडमधले यूफ त्याहून उंच आहे, तेव्हा ते फारसे मनावर घेऊ नये.

गावाचे नाव दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हाँस प्रदेशातील काव्हेयों या शहराचे बिशप संत व्हेराँ यांच्यावरून पडले. त्यांनी घायाळ केलेला ड्रॅगन आल्प्सकडे उडाला आणि वाटेत जिथे जिथे त्याचे रक्त सांडले तिथे मेंढपाळांचे मुक्काम झाले, अशी आख्यायिका आहे. प्रोव्हाँसमधले कळप उन्हाळ्यात याच दिशेने चराईला येत, हे पाहता ती रचणाऱ्याला डोंगरवाटा चांगल्या ठाऊक असाव्यात.

गावाची मांडणी दोन भयांतून झाली आहे : हिवाळा आणि आग. घराचा खालचा मजला दगडी असून तिथे माणसे आणि गुरे एकाच छपराखाली राहत. जनावरांच्या अंगची ऊब हीच थंडीतली मोठी सोय होती. विसाव्या शतकातही काही घरांत ही पद्धत टिकून होती. वर लार्च या सूचिपर्णी झाडाचे अख्खे ओंडके एकमेकांवर रचून केलेला प्रशस्त माळा. त्यात गवत साठवत. दक्षिणेकडच्या लाकडी सज्जांत अर्धवट पिकलेल्या राय (गव्हासारखे एक धान्य) आणि बार्लीच्या पेंढ्या उन्हाला लावत, कारण शेतात पीक पुरते तयार होण्याआधीच थंडी येऊन ठेपे. इतके लाकूड आणि इतके गवत म्हटल्यावर एका ठिणगीने गाव बेचिराख व्हायचे. म्हणून वस्तीचे वेगवेगळे भाग करून मध्ये मोकळी जागा सोडलेली आहे. सार्वजनिक हौदही लाकडीच आहेत. भाकरी भाजायला सामाईक भट्टी असे. 1641 सालचे ‘ल सूम’ हे घर आता संग्रहालय आहे.

1343 मध्ये या भागावर सत्ता असलेल्या दोफिने प्रांताचा अधिपती दुसरा ऊँबेर याला मोठी रक्कम मोजून ब्रियाँसों परिसरातील गावांनी स्वतःचे कारभारी निवडण्याचा आणि कर स्वतः गोळा करण्याचा हक्क मिळवला. केरास त्यांत होते. ही व्यवस्था 1789 च्या क्रांतीपर्यंत चालली.

भिंतींवरची रंगीत छायाघड्याळे ही केरासची खास ओळख. त्यांतली बरीचशी एकोणिसाव्या शतकात झारबुला या फिरत्या इटालियन कारागिराने काढली. चौकांतल्या क्रूसांवर शिडी, हातोडा, खिळे आणि कोंबडा अशी येशूच्या यातनांशी निगडित चिन्हे बसवलेली दिसतात. गावाच्या वर क्लोझी येथे छोटे प्रार्थनास्थळ असून तेथील यात्रेला सीमेपलीकडचे इटालियनही येतात.

आता शेतीपेक्षा पर्यटनाचा आधार मोठा आहे. पाहुण्यांना गाड्या वेशीवर ठेवून पायी आत जावे लागते. गावाच्या आणखी वर, सुमारे 2,900 मी. उंचीवर, एक खगोल वेधशाळा आहे.