पार्श्वभूमी : फिशरची मॉस्कोवारी, १९५८

अमेरिकन बुद्धिबळपटू बॉबी फिशरचं सोव्हिएत बुद्धिबळाशी वैर कधी जुंपलं? बहुतेक जण जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या १९६२च्या कुरासाव स्पर्धेकडे बोट दाखवतात. सोव्हिएत खेळाडू आपसातले डाव ठरवून बरोबरीत सोडवतात, असा जाहीर आरोप त्याने त्यानंतरच केला. पण बिनसलं होतं त्याआधी चार वर्षं, मॉस्कोत.

१९५८च्या जानेवारीत, चौदाव्या वर्षी, फिशर अमेरिकेचा विजेता झाला आणि युगोस्लाव्हियातल्या पोर्तोरोझच्या इंटरझोनल स्पर्धेला, म्हणजे जगज्जेतेपदाच्या पात्रता फेरीला, पात्र ठरला. त्याआधी त्याला मॉस्को गाठायचं होतं. पैशांची अडचण होती. ती ‘आय’व्ह गॉट अ सिक्रेट’ या टीव्ही कार्यक्रमाने सोडवली, विमानाची दोन तिकिटं देऊन. सोव्हिएत मासिकांतले डाव समजावेत म्हणून पोराने कामापुरती रशियन शिकून घेतली होती. घरातही मॉस्को नवखं नव्हतं. आई रेजिना १९३०च्या दशकात तिथे वैद्यकीय शिक्षण घेत होती आणि आता सोबत निघालेली थोरली बहीण जोन तर तिथेच जन्मलेली.

जूनमध्ये दोघं पोचली, नॅशनल हॉटेलात उतरली. पाहुणचार चोख होता. पण शहर बघण्यात फिशरला काडीचा रस नव्हता. गोगोलेव्स्की बुलेव्हारवरच्या सेंट्रल चेस क्लबात तो ब्लिट्झ, म्हणजे काही मिनिटांचे झटपट डाव, खेळत बसायचा. वास्युकोव्ह, निकितिन या तरुण मास्टरांना त्याने धुऊन काढलं. मग हट्ट सुरू झाला, जगज्जेत्या बोटविनिकशी खेळायचंय! तेही रीतसर सामन्यात, आणि मानधन किती? बुद्धिबळ विभागाचे प्रमुख लेव्ह अब्रामोव्ह यांनी सांगितलं, पाहुण्याला मानधन नसतं. शेवटी सोव्हिएत ग्रँडमास्टर टिग्रान पेट्रोस्यानला बोलावलं. ब्लिट्झचे बहुतेक डाव पेट्रोस्याननेच जिंकले.

दोष एकट्या यजमानांच्या माथी मारता येणार नाही. पंधरा वर्षांच्या पोरासाठी जगज्जेत्याला पटावर आणून कोण बसवेल? पण फिशरने तो अपमान मानला, वाटेल ते बोलला, आणि नेमकं दुभाषीच्या कानावर गेलं. युगोस्लाव्हियाने लवकर या म्हणून बोलावल्यावर बहीणभाऊ बेलग्रेडला निघून गेले. पोर्तोरोझला तो पाचव्या-सहाव्या स्थानी बरोबरीत आला आणि ग्रँडमास्टर झाला. तोवरचा सर्वांत लहान.

बोटविनिक पुढे एकदाच समोर आला, १९६२ साली वार्नाच्या ऑलिंपियाडमध्ये. डाव बरोबरीत सुटला. पेट्रोस्यानला मात्र १९७१मध्ये ब्यूनोस आयर्सला फिशरने ६.५-२.५ असं लोळवलं आणि तेव्हाचा जगज्जेता स्पास्की याला आव्हान द्यायचा हक्क मिळवला.