माणसांची वाहवा आणि देवाची पसंती: एका जुन्या झगड्याची पार्श्वभूमी

देवाला आवडेल ते करा, लोकांच्या वाहवेसाठी करू नका, हे वाक्य ख्रिस्ती मंडळींत ऐकून ऐकून गुळगुळीत झाले आहे. पहिल्या शतकात मात्र त्यामागे खरीखुरी भीती होती. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 12 व्या अध्यायात काही यहुदी अधिकारी भेटतात. येशूवर त्यांचा विश्वास बसला होता, पण सभास्थानातून, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनास्थळातून, बाहेर काढतील म्हणून ते गप्प राहिले. देवाकडच्या मानापेक्षा माणसांकडचा मान त्यांना प्रिय वाटला, असा शेरा योहान मारतो. वाळीत टाकणे म्हणजे काय हे ज्या समाजाला ठाऊक आहे, त्याला या गप्प बसण्याचे कारण वेगळे सांगायला नको.

प्रेषित पौलाची अडचण वेगळी होती. यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर तो सुंतेची सक्ती करीत नव्हता. लोकांना खूश करण्यासाठी त्याने अटी सैल केल्या, असा आरोप झाला असावा. गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या सुरुवातीचा तिखट सूर तरी तेच सुचवतो. मी अजून माणसांनाच खूश करीत असतो तर ख्रिस्ताचा दास नसतो, असे तो तिथे ठणकावतो.

इसवी सन 313 नंतर, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात, रोमन साम्राज्यात ख्रिस्ती असणे धोक्याचे राहिले नाही. पुढे ते प्रतिष्ठेचेही झाले. आता वाहवा बाहेरून नव्हे, मंडळीतूनच, म्हणजे ख्रिस्ती समाजातूनच, मिळू लागली. मला या इतिहासातले खरे वळण इथे दिसते.

हे वळण सर्वांत बारकाईने टिपले ते इजिप्तच्या वाळवंटातल्या संन्याशांनी. इव्हाग्रियस हा कॉन्स्टँटिनोपलमध्ये गाजलेला वादपटू. ती कीर्ती सोडून तो चौथ्या शतकाच्या शेवटी वाळवंटात आला. मनाला छळणारे आठ विचार त्याने नोंदवले, त्यात पोकळ कीर्तीची हाव स्वतंत्र ठेवली. ती एकट्या साधकाला काय दाखवते? आपल्या हातून आजारी बरे होताहेत, वस्त्राला हात लावायला गर्दी लोटली आहे, आणि याजक करायला माणसे दाराशी येऊन ठेपली आहेत. ही हाव मोडायला जे करावे त्याचाच पुन्हा अभिमान वाटतो, हेही त्याने लिहून ठेवले.

त्याच परंपरेतला जॉन कॅसियन एक गोष्ट सांगतो. एक वृद्ध साधू कोणाच्या तरी खोलीशी आला, तर आत पुटपुटणे चालू. शास्त्रपठण असेल म्हणून तो थांबला. आतला गडी मात्र काल्पनिक मंडळीपुढे प्रवचन ठोकत होता आणि शेवटी त्याने, प्रवचनानंतर उपासनेत देतात तसा, बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्या दीक्षार्थींना निरोपही दिला! तो बाहेर येऊन ओशाळून विचारतो, कधी आलात? म्हातारा म्हणतो, तू निरोप देत होतास तेव्हाच.

सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेल्या ग्रेगरीने आठांच्या यादीची सात मुख्य पापे केली आणि गर्व त्या सगळ्यांचे मूळ ठरवले. पुढच्या याद्यांत कीर्तीची हाव गर्वात विरून गेली. माझ्या मते हा तोटाच झाला, कारण गर्विष्ठाला लोक नसले तरी चालते. वाहवेच्या भुकेल्याला चालत नाही.

महाराष्ट्रात 19 व्या शतकात बाप्तिस्मा घेणाऱ्यांपुढे दोन्ही काळ एकदम उभे राहिले. जात सुटत होती आणि मिशनची मर्जी नव्याने सांभाळावी लागत होती. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात धर्माधिकाऱ्यांचा शब्द मुकाट्याने मानायला त्यांनी नकार दिला. इकडे विधवांसाठी काढलेल्या शारदा सदन या शाळेवरून ‘केसरी’ची टीका त्या झेलतच होत्या.

नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे बरीच वर्षे अमेरिकन मराठी मिशनचे काम केले. 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून ते संन्यासी झाले. सातारला त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्ताला मानणाऱ्यांचा समुदाय उभा करायला घेतला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ते काम दोनच वर्षे चालले. 1919 मध्ये टिळक वारले.