रंग नसलेली ज्योत

वरणाचं पातेलं उतू गेलं की गॅसची निळी ज्योत क्षणभर भडक पिवळी होते. आपण घाईघाईनं बटण बारीक करतो, ओटा पुसतो आणि विसरून जातो. तो पिवळा रंग वरणातल्या मिठाचा, नेमकं सांगायचं तर मिठातल्या सोडियमचा. तो इतका स्वच्छ दिसतो कारण मुळात ज्योतीला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो. अशी बिनरंगी ज्योत हाताशी आली आणि अवघ्या चार वर्षांत सूर्य कशाचा बनलेला आहे हे माणसाला कळलं. ते कळलं हायडेलबर्गमध्ये.

नैर्ऋत्य जर्मनीतलं हे शहर नेकार नदीकाठी डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं आहे. उतारावर लाल दगडाचा पडका राजवाडा, खाली अरुंद गल्ल्या आणि नदीपलीकडच्या टेकडीवर ‘तत्त्वज्ञांची वाट’ म्हणून ओळखला जाणारा फिरायचा रस्ता. इथलं विद्यापीठ १३८६ सालचं, आजच्या जर्मनीतलं सर्वांत जुनं. पाचशे-सहाशे वर्षांत तिथे मोठी माणसं पुष्कळ होऊन गेली. पण १८५२ नंतरच्या वीसेक वर्षांत या छोट्या शहरात जी मंडळी एकत्र आली, तसा योग मला विज्ञानाच्या इतिहासात फारसा कुठे दिसत नाही.

१८५२ साली रॉबर्ट बुन्सेन तिथे रसायनशास्त्राचा प्राध्यापक म्हणून आला. वय एकेचाळीस. तरुणपणी आर्सेनिकच्या अतिविषारी संयुगांवर काम करताना झालेल्या स्फोटात काचेचा तुकडा घुसून त्याचा उजवा डोळा गेला होता आणि विषबाधेनं जीवही जायची वेळ आली होती. पुढे त्यानं जे पाहिलं ते सगळं एका डोळ्यानं.

विद्यापीठानं त्याच्यासाठी नवी प्रयोगशाळा बांधली, ती १८५५ मध्ये तयार झाली. शहरात दगडी कोळशाचा गॅस नुकताच आला होता. लोकांना तो उजेडासाठी हवा होता. बुन्सेनला उलट उजेड नसलेली, पण कडक उष्णता देणारी ज्योत हवी होती. गॅस नुसता पेटवला तर ज्योत पिवळी आणि काजळी धरणारी होते, कारण पूर्ण न जळलेले कार्बनचे कण त्यात तापून चमकतात. गॅस पेटण्याआधीच त्यात हवा मिसळली तर? बुन्सेनची ही कल्पना विद्यापीठाचा यंत्रकारागीर पेटर डेसागा यानं प्रत्यक्षात आणली. खाली हवेसाठी भोकं असलेली उभी नळी आणि टोकाला निळसर, जवळजवळ न दिसणारी ज्योत. शाळेच्या प्रयोगशाळेतला बर्नर तो हाच, आणि आपल्या शेगडीचं तत्त्वही तेच. इंग्रज शास्त्रज्ञ फॅरेडेनं असा प्रयत्न आधी केला होता, आणि डेसागाच्या हाताशिवाय हे जमलं नसतं. नाव मात्र एकट्या बुन्सेनचं राहिलं. बुन्सेननं त्याचं पेटंट घेतलं नाही.

आता प्लॅटिनमच्या तारेवर एखादा क्षार घेऊन तो ज्योतीत धरला की त्याचा खरा रंग दिसू लागला. सोडियम पिवळा, पोटॅशियम फिकट जांभळा, स्ट्रॉन्शियम गर्द लाल. अडचण मिश्रणाची होती. सोडियमचा पिवळा रंग बाकी सगळ्यांना गिळून टाकतो. बुन्सेन रंगीत काचांतून आणि निळीच्या द्रावणातून पाहून रंग वेगळे करायचा प्रयत्न करत होता. तेव्हा त्याचा सहकारी गुस्टाफ किरखॉफ म्हणाला, काचा कशाला, प्रकाशाचे रंग फाकवणारा काचेचा लोलक (प्रिझम) वापरू या.

किरखॉफ भौतिकशास्त्रज्ञ. विजेच्या मंडलांचे जे नियम आपण बारावीत त्याच्या नावानं शिकतो, ते त्यानं विद्यार्थिदशेतच, १८४५ साली मांडले होते. ब्रेस्लाउ शहरात दोघांची ओळख झाली आणि १८५४ मध्ये बुन्सेननं खटपट करून त्याला हायडेलबर्गला आणलं. दोघांनी १८५९ मध्ये जे उपकरण जुळवलं त्यात दिपवणारं काही नव्हतं: आतून काळी केलेली पेटी, दोन छोट्या दुर्बिणी आणि मधोमध कार्बन डायसल्फाइड भरलेला पोकळ लोलक. ज्योतीचा प्रकाश फटीतून आत येई, लोलकातून फाकला जाई आणि दुर्बिणीत दिसे. रंगांचा सलग पट्टा नाही, तर काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्या, बारीक, तेजस्वी रेषा. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वेगळ्या आणि त्यांच्या जागा पक्क्या. मिश्रणात कितीही द्रव्यं असोत, एकाची रेषा दुसऱ्याची रेषा पुसत नाही.

ही पद्धत किती नाजूक आहे हे पाहण्यासाठी त्यांनी केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. सुमारे ६० घनमीटरच्या खोलीत उपकरणापासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात त्यांनी ३ मिलिग्रॅम सोडियम क्लोरेट दुग्धशर्करेबरोबर स्फोट करून उडवलं आणि ज्योतीकडे पाहत थांबले. काही मिनिटांत ज्योत पिवळी झाली आणि सोडियमची रेषा लखलखली. हिशेब केला तेव्हा कळलं की एका मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागापेक्षाही कमी सोडियम ज्योतीत असलं तरी ते ओळखता येतं. जवळच एखादं धुळीचं पुस्तक झटकलं तरी रेषा दिसायची. सगळ्या हवेत मीठ आहे हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

१८६० मध्ये ड्युर्कहाइमच्या खनिज झऱ्याच्या पाण्यात त्यांना कुणाशीच न जुळणाऱ्या दोन निळ्या रेषा दिसल्या. नवं मूलद्रव्य! ते हाती लागावं म्हणून जवळजवळ ४४,००० लिटर पाणी आटवलं, आणि शेवटी त्या द्रव्याचा क्षार मिळाला अवघा सात ग्रॅम. आभाळाच्या निळाईसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव सीझियम ठेवलं. पुढच्या वर्षी गडद लाल रेषांचं रुबिडियम सापडलं. वजन करून किंवा चव-वास-रंग पाहून नव्हे, तर प्रकाशाच्या रेषेवरून मूलद्रव्य सापडण्याची ही पहिलीच वेळ.

पण खरी झेप सूर्याकडे होती. म्युनिकजवळ काच घडवणाऱ्या फ्राउनहोफरनं १८१४ मध्ये सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात शेकडो काळ्या रेषा पाहून ठेवल्या होत्या. पिवळ्या भागातली काळी जोडी, जिला त्यानं ‘डी’ म्हटलं, नेमकी ज्योतीतल्या पिवळ्या रेषांच्या जागी आहे हेही त्याच्या लक्षात आलं होतं. त्याचा अर्थ मात्र कुणाला लागत नव्हता.

किरखॉफनं सूर्यकिरण मिठाच्या ज्योतीतून आरपार सोडले. अंदाज असा की ज्योतीचा पिवळा उजेड ती काळी जागा भरून काढील. ऊन मंद होतं तोवर तसंच झालं. ऊन प्रखर केल्यावर मात्र रेषा उजळण्याऐवजी आणखी काळी झाली! ज्योत प्रकाश देत होती आणि तरीही प्रकाश कमी होत होता.

हे समजायला सतारीच्या तरफेच्या तारा आठवाव्यात. वरच्या तारेवर जो स्वर वाजतो, त्याच स्वरात लावलेली तरफेची तार तेवढी थरथरते. ती तोच स्वर घेते आणि तोच स्वर देते. सोडियमचा अणूही जो रंग बाहेर टाकतो नेमका तोच रंग शोषतो. सूर्याच्या पृष्ठभागावरून निघालेला प्रकाश वरच्या, तुलनेनं थंड थरातून येताना तिथला सोडियम आपला पिवळा वाटा काढून घेतो आणि चारी दिशांना उधळतो. आपल्या दिशेनं त्यातलं थोडंच पोचतं, म्हणून तिथे काळी रेषा. याचा अर्थ सरळ होता: सूर्यात सोडियम आहे. १८५९ च्या ऑक्टोबरमध्ये हे बर्लिनच्या अकादमीपुढे मांडलं गेलं.

मग लोखंड. लोखंडाच्या साठ तेजस्वी रेषा आणि सूर्यातल्या काळ्या रेषा जागच्या जागी जुळल्या. हे निव्वळ योगायोगानं घडण्याची शक्यता किरखॉफनं काढली. नाणं साठ वेळा उडवून साठही वेळा छापच पडावा, तेवढी ती होती: एकावर अठरा शून्यं इतक्या वेळांत एकदा. सूर्यप्रकाशातल्या या रेषांचा नकाशा रेखाटताना त्याचे डोळे इतके शिणले की उरलेला भाग त्याच्या विद्यार्थ्यानं, कार्ल हॉफमाननं, पुरा केला.

एक आख्यायिका सांगतात. एका रात्री सुमारे सोळा किलोमीटरवरच्या मानहाइम शहरात मोठी आग लागली. दोघांनी खिडकीतूनच तिच्याकडे उपकरण रोखलं आणि ज्वाळांत बेरियम आणि स्ट्रॉन्शियम ओळखलं. नंतर तत्त्वज्ञांच्या वाटेवर फिरताना बुन्सेन म्हणाला म्हणे, मानहाइमच्या आगीत काय जळतंय हे इथून कळतं, तर सूर्याचं का कळू नये? फ्रेंच विचारवंत ऑगस्ट काँत यानं १८३५ मध्ये ठामपणे लिहिलं होतं की ताऱ्यांची रासायनिक घडण आपल्याला कधीच कळणार नाही. तो १८५७ मध्ये वारला. त्याचं विधान त्याच्यामागे दोनच वर्षं टिकलं.

या दोघांच्या आसपास कोण होतं? हर्मान हेल्महोल्ट्झ १८५८ पासून तिथेच शरीरक्रियाशास्त्र शिकवत होता आणि यांनी प्रकाशाचं केलं तेच ध्वनीचं करत होता, एका स्वरातले अनेक सूर वेगळे काढत होता. सेंट पीटर्सबर्गहून आलेला तरुण मेंडेलीव्ह १८५९ ते १८६१ तिथे होता. आवर्त सारणी त्यानं मायदेशी परतल्यावर, १८६९ मध्ये मांडली.

त्याच १८६९ मध्ये रशियातून गणित शिकायला सोफिया कोवालेवस्काया आली. विद्यापीठात स्त्रियांना प्रवेश नव्हता. एकेका प्राध्यापकाची परवानगी मिळवत ती किरखॉफ आणि हेल्महोल्ट्झ यांच्या व्याख्यानांना बसली. तिची मैत्रीण युलिया लेरमोंतोवा हिला रसायनशास्त्र करायचं होतं. माझ्या प्रयोगशाळेत बाई पाऊल टाकणार नाही, असा बुन्सेनचा हट्ट होता. सोफियानं गळ घातली आणि तो मोडला, असं सांगतात. दोघींना १८७४ मध्ये डॉक्टरेट मिळाली, पण ग्योटिंगेनची. हायडेलबर्गनं स्त्रियांना रीतसर दार उघडलं १९०० साली. बुन्सेनबद्दल मनापासून आदर असूनही ही गोष्ट मला सलते. अणूंच्या बाबतीत एवढा निःपक्षपाती असलेला हा माणूस दारात उभ्या असलेल्या मुलीची योग्यता आधी पाहू शकला नाही.

त्यांचं उपकरण लवकरच आपल्याकडेही पोचलं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकण-दक्षिण महाराष्ट्राकडून पूर्व किनाऱ्याकडे गेला. पटवर्धनांच्या जमखंडीत खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलचा नातू लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक, म्हणजे तेच रेषा दाखवणारं उपकरण, घेऊन बसला होता, विजापुरात कॅप्टन हेग आणि गुंटूरला फ्रेंच संशोधक जान्सेन. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांत त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या. जान्सेननं तर दुसऱ्याच दिवशी, ग्रहण नसताना, त्या पुन्हा पाहिल्या. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ नावाचे चौथरे दाखवून इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयरनं तिथून हेलियम शोधलं असं सांगतात. पण नॉर्मन लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होता आणि त्यानं त्या रेषा तिथूनच, ग्रहणाशिवाय, २० ऑक्टोबरला पाहिल्या.

त्यातली पिवळी रेषा आधी सोडियमचीच वाटली होती. सोडियमची जोडी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असते. ही होती ५८७.६ वर. एवढाच फरक. पृथ्वीवरच्या कुठल्याही द्रव्याची रेषा त्या जागी बसेना, तेव्हा त्या अज्ञात द्रव्याला सूर्यावरून हेलियम म्हटलं गेलं. १८९५ मध्ये ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅमझीनं युरेनियमच्या एका खनिजातून निघालेला वायू तपासला आणि तीच रेषा समोर आली. किरखॉफ १८८७ मध्येच गेला होता. बुन्सेन मात्र हयात होता, चौऱ्याऐंशी वर्षांचा, हायडेलबर्गमध्येच.