हमी की आश्वासन? बुडापेस्टच्या कागदावरचा एक शब्द

१५ ऑगस्ट २०२५ला अमेरिका आणि रशियाचे अध्यक्ष अलास्कात भेटले. तीन दिवसांनी युक्रेनचे अध्यक्ष युरोपातल्या बड्या नेत्यांना सोबत घेऊन व्हाइट हाउसमध्ये पोहोचले. तेव्हापासून शांततेच्या बोलण्यांत 'सुरक्षेची हमी' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. ती अमेरिकेने द्यायची की युरोपने, आणि हमी म्हणजे नेमकं काय, यावर मात्र एकमत नाही. या वादाचं मूळ, युक्रेनने अण्वस्त्रं सोडावीत म्हणून ५ डिसेंबर १९९४ला बुडापेस्टमध्ये युक्रेन, रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी सह्या केलेल्या जेमतेम सहा कलमांच्या कागदात आहे. तो नीट वाचल्याशिवाय आजची बोलणी कळत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

सोव्हिएत संघ फुटला तेव्हा युक्रेनच्या भूमीवर १७६ आंतरखंडीय क्षेपणास्त्रं, चाळीसहून अधिक दूर पल्ल्याची बॉम्बफेकी विमानं आणि सुमारे १,९०० वॉरहेड (त्यांवर बसवायचे अणुस्फोटक) उरली. लहान पल्ल्याची अण्वस्त्रं मे १९९२पर्यंत रशियात हलवून झाली होती, तरीही उरलेला साठा जगात तिसऱ्या क्रमांकाचा होता. 'युक्रेनने तो सोडला नसता तर आज ही वेळ आली नसती' असं आपल्याकडेही हमखास म्हटलं जातं. हे अर्धंच खरं आहे. क्षेपणास्त्रं डागण्याचे गुप्त संकेतांक मॉस्कोकडे होते. वॉरहेड रशियात बनलेली, त्यांचं आयुष्य मर्यादित आणि देखभाल रशियन कारखान्यांवर अवलंबून. पण युक्रेनच्या हातात काहीच नव्हतं, हे रशियाचं म्हणणंही पटण्यासारखं नाही. त्या १७६पैकी ४६ क्षेपणास्त्रं युक्रेनमधल्याच दनिप्रो शहराच्या परिसरात आखलेली आणि जोडलेली होती. ती बनवणारे अभियंते तिथेच राहत होते. वेळ आणि पैसा असता तर त्यांनी वाट काढली असती. १९९३च्या कीवमध्ये नेमकं हेच दोन्ही नव्हतं.

त्या वर्षी युक्रेनमधली महागाई दहा हजार टक्क्यांच्या पुढे गेली. रशियाच्या गॅसची थकबाकी डोक्यावर होती. त्यातच जुलै १९९३मध्ये रशियाच्या संसदेने क्रिमियातलं सेवास्तोपोल हे रशियाचं शहर असल्याचा ठराव केला. शेजाऱ्याची नजर कशावर आहे, हे कीवला तेव्हाच दिसत होतं. म्हणून त्यांच्या संसदेने अण्वस्त्रकपातीच्या कराराला नोव्हेंबरमध्ये मंजुरी दिली ती अटी घालूनच. सुरक्षेची हमी ही त्यांतली मोठी अट होती. १४ जानेवारी १९९४ला मॉस्कोत अमेरिका, रशिया आणि युक्रेन या तिघांचं जमलं. पहिल्या दहा महिन्यांत युक्रेनने किमान २०० वॉरहेड रशियाला पाठवायची आणि बदल्यात रशियाने अणुभट्ट्यांसाठी १०० टन इंधन द्यायचं. सुरक्षेचा कागद पुढे व्हायचा होता.

खरी गुंतागुंत या कागदाच्या भाषेत आहे. इंग्रजी मसुद्यात अमेरिकेने हट्टाने जो शब्द ठेवला त्याचा अर्थ आश्वासन किंवा ग्वाही. अमेरिकेच्या व्यवहारात हमी फक्त लष्करी आघाडीतल्या मित्रांना मिळते. त्यांच्यावर हल्ला झाला तर सैन्य पाठवण्याचं बंधन येतं, आणि असा तह तिथल्या सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतांनी मंजूर व्हावा लागतो. युक्रेनसाठी तेवढी मतं मिळणार नव्हती. युक्रेनियन आणि रशियन भाषांतल्या मसुद्यांत मात्र या ठिकाणी 'हमी' हाच शब्द आहे, कारण त्या भाषांमध्ये राजनैतिक लेखनात दोन्हींसाठी तोच वापरतात. रशियन आणि युक्रेनियन शब्दाचा अर्थ इंग्रजीतल्या सौम्य शब्दाप्रमाणेच घ्यायचा, हे आपण समोरच्यांकडून वदवून घेतलं होतं, असं अमेरिकी वाटाघाटीकारांनी पुढे लिहून ठेवलं.

मराठी वाचकाला हा फरक फोड करून सांगायची गरज नाही. हमीभाव आणि भाव वाढवून देण्याचं आश्वासन यांत काय अंतर असतं, हे कापूस किंवा सोयाबीन विकणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारावं. पतपेढीच्या कर्जाला जामीन राहणारा माणूस सही करतो तेव्हा हप्ता थकला तर आपल्या खिशाला हात घालावा लागणार, हे त्याला माहीत असतं. बुडापेस्टच्या कागदावर असा जामीनदार नाही. कीवच्या राजनयिकांना हे कळत नव्हतं असंही नाही. मिळत होतं ते त्यांनी घेतलं आणि घरी जाऊन लोकांना 'हमी' म्हणून सांगितलं. त्यांना मी दोष देणार नाही, हात रिकामे असताना आणखी काय करणार होते?

मात्र या शब्दाच्या वादात एक गोष्ट नेहमी झाकली जाते. पहिल्या कलमात युक्रेनचं स्वातंत्र्य आणि तेव्हाच्या सीमा मान्य करण्याचं वचन आहे. दुसऱ्यात त्याच्याविरुद्ध बळ न वापरण्याचं आणि बळाची धमकी न देण्याचं. तिसऱ्यात आर्थिक दडपण न आणण्याचं. ही वचनं रशियाने स्वतः पाळायची होती. ती पाळायला तिसऱ्या कोणी सैन्य पाठवण्याची गरज नव्हती. हमी की आश्वासन हा प्रश्न अमेरिका आणि ब्रिटन यांच्या जबाबदारीपुरता उरतो. रशियाने काय मोडलं हे त्याने पुसलं जात नाही. वचन मोडलं तर पुढे काय, यावर कागदात एवढंच आहे: अण्वस्त्रांची धमकी आली तर सुरक्षा परिषदेकडे जाणं, आणि बाकी शंका उद्भवल्यास सर्वांनी एकत्र सल्लामसलत करणं.

युक्रेनने आपली बाजू पूर्ण पाळली. १ जून १९९६ला शेवटचं वॉरहेड देशाबाहेर गेलं. ४ जूनला पेर्वोमायस्कजवळ, जिथे क्षेपणास्त्राची भूमिगत विहीर होती त्या सपाट केलेल्या जमिनीवर अमेरिका, रशिया आणि युक्रेनच्या संरक्षणमंत्र्यांनी मिळून सूर्यफुलं लावली. त्याच भागात एक नियंत्रण कक्ष संग्रहालय म्हणून राखून ठेवला आहे. अरुंद लिफ्टने सुमारे ४५ मीटर खाली, बारा मजले उतरून जावं लागतं. तळाच्या खोलीत कर्तव्यावरच्या अधिकाऱ्यांच्या खुर्च्या अजून तशाच आहेत.

रशियाची तक्रार वेगळी आहे. १९९०मध्ये जर्मनीच्या एकीकरणाच्या बोलण्यांत नाटो ही पाश्चात्त्य लष्करी आघाडी पूर्वेकडे सरकणार नाही असं तोंडी सांगितलं गेलं होतं, असा रशियाचा दावा. लेखी करारात तसं काही आलं नाही. १९९९ आणि २००४मध्ये आघाडी वाढली. एप्रिल २००८मध्ये बुखारेस्टला तर युक्रेन आणि जॉर्जिया 'सदस्य होतील' असं जाहीर झालं, पण जर्मनी आणि फ्रान्सच्या विरोधामुळे त्यांना सदस्यत्वाकडे नेणारा कार्यक्रम मिळाला नाही. मला ही त्या काळातली सर्वांत वाईट तडजोड वाटते. रशिया डिवचला गेला, आणि युक्रेनला संरक्षण मिळालं नाही.

मार्च २०१४मध्ये क्रिमिया रशियाच्या ताब्यात गेला. ५ मार्चला पॅरिसमध्ये बुडापेस्टच्या सह्याकर्त्यांची बैठक भरली. रशियाचे परराष्ट्रमंत्री त्या दिवशी त्याच शहरात होते, तरी बैठकीला आले नाहीत. कीवमध्ये क्रांती झाली म्हणजे तिथे नवं राज्य आलं आणि त्याच्याशी आपण कुठलाही करार केलेला नाही, असा युक्तिवाद रशियाने केला. पूर्व युक्रेनमधली लढाई थांबवण्यासाठीचे मिन्स्कचे दोन समझोते त्यानंतरचे. १९ फेब्रुवारी २०२२ला म्युनिकमध्ये युक्रेनच्या अध्यक्षांनी पुन्हा तोच कागद पुढे केला. तीनदा सल्लामसलत मागून उपयोग झाला नव्हता, चौथ्यांदा मागतो आहोत, असं ते म्हणाले. पाच दिवसांनी हल्ला झाला.

मग २९ मार्चला इस्तंबूलमध्ये युक्रेनने नवा प्रस्ताव ठेवला: आम्ही तटस्थ राहू, पण हमीदार देशांनी हल्ला झाल्यास प्रत्यक्ष मदत करावी. पुढच्या मसुद्यांत रशियाने अट घातली की हमीदारांनी मदतीचा निर्णय एकमताने घ्यावा, आणि हमीदारांत रशियाही होता.

इतर राजधान्यांनी तोवर जुनाच सावधपणा पाळला. जुलै २०२३मध्ये सात श्रीमंत देशांच्या जाहीरनाम्यात 'बांधिलकी' आणि 'व्यवस्था' असे शब्द आले. जानेवारी २०२४मध्ये ब्रिटनने आणि जूनमध्ये अमेरिकेने युक्रेनशी केलेले करार त्याच धर्तीचे होते. त्या डिसेंबरमध्ये, बुडापेस्टला तीस वर्षं होत असताना, युक्रेनचे परराष्ट्रमंत्री ब्रुसेल्सच्या बैठकीला त्या कागदाची प्रत हातात घेऊन गेले.

२४ फेब्रुवारी २०२५ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युक्रेनच्या बाजूच्या ठरावाविरुद्ध अमेरिकेने रशियासोबत मत दिलं. भारत २०१४ आणि २०२२प्रमाणे तटस्थ राहिला. तरी सहा महिन्यांनी रशियन तेलाच्या खरेदीवरून आपल्या निर्यातीवर अमेरिकेचं एकूण आयातशुल्क ५० टक्क्यांवर गेलं, आणि हे युद्ध इथल्या कारखानदारांच्या हिशेबाच्या वहीत आलं.

अलास्कानंतर अमेरिकेने नाटो 'आघाडीच्या पाचव्या कलमासारख्या' (एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा) संरक्षणाची भाषा सुरू केली, आणि सप्टेंबरमध्ये २६ देशांनी युद्धबंदीनंतर सैन्य किंवा अन्य मदत देण्याची तयारी दाखवली. त्याआधीच, २० ऑगस्टला, रशियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी २०२२च्या इस्तंबूलच्या चौकटीकडे बोट दाखवलं होतं. त्या चौकटीत युक्रेनच्या मदतीला जायचं की नाही, हे ठरवताना रशियाचंही मत लागतं.