वेलमांडव

वेलमांडव : (लतामंडप). परसात, फाटकावर किंवा अंगणाच्या कडेला खांब, तुळया आणि पट्ट्यांचा सांगाडा उभारून त्यावर वेल चढवतात, तो वेलमांडव. भिंतीला टेकवलेल्या सपाट जाळीला मांडव म्हणत नाहीत; डोक्यावर छत आणि खाली चालायला किंवा बसायला जागा हवी. लग्नाचा मांडव चार दिवसांत उतरतो, हा पंधरा-वीस वर्षे उभा राहायचा असतो. म्हणून मंडपवाल्याच्या बल्ल्या (लाकडी वासे) आणि सुतळी यांच्या भरवशावर तो उभारू नये.

इंदूरमध्ये राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, रामबाग या भागांतल्या मराठी घरांना दोडक्या-तोंडल्याचा बांबूचा मांडव नवा नाही. आता ३० × ५० फुटांच्या प्लॉटवर घराच्या मागे जी आठ-दहा फुटांची पट्टी उरते, तिच्यात तो बेताने बसवावा लागतो. स्वयंपाकघराच्या दारातून नजर जिथे थांबते तिथे मांडव शोभतो, आणि त्याच्याखालून जाणारी वाट कुठेतरी पोचली पाहिजे : तुळशीपाशी, बाकापाशी, निदान कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी. पट्टीच्या मधोमध नुसती कमान उभी केली तर ती विसरून राहिलेल्या चौकटीसारखी दिसते. कंपाउंडच्या भिंतीपासून दोन फूट अंतर सोडावे. नाहीतर मागच्या बाजूला ना रंग लावता येतो ना कात्री चालवता येते, आणि फुले शेजाऱ्यांकडे उमलतात.

मापे : एकाच्या वाटेला आतली मोकळी रुंदी चार फूट, दोघांना शेजारून चालायचे तर पाच. उंची आठ फूट धरावी, कारण भरलेला वेल फूटभर खाली लोंबतो आणि हाताशी सात फूटच उरतात. बसायचा मांडव असेल तर बाक जमिनीपासून दीड फूट उंच आणि मांडवाची खोली किमान पाच फूट, म्हणजे पाय सावलीतच राहतात.

पाया : इंदूरचा मांडव बहुधा पायापासून बिघडतो. माळव्याची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, आणि मे महिन्यात तिला बोटे शिरतील एवढ्या भेगा पडतात. खांबाच्या एका बाजूला वेलाचे आळे असते, तिथली माती बारा महिने ओली. दुसऱ्या बाजूची सुकून आक्रसते. अशा असमान ढकलण्याने दीड फुटात पुरलेला खांब दोन-तीन वर्षांत झुकतो. सिमेंट कमी पडले, असा आरोप मग गवंड्यावर येतो. खरे तर खड्डा उथळ असतो.

खड्डा सव्वा फूट चौरस आणि तीन फूट खोल घ्यावा. त्याआधीच मुरूम लागला तर तिथे थांबायला हरकत नाही. तळाशी सहा इंच मुरूम घालून धुमसाने ठोकावा. त्यावर १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट अडीच फूट. चार खड्ड्यांना मिळून सुमारे तीन पोती सिमेंट, सात घनफूट वाळू आणि १४ घनफूट २० मिमी खडी लागते. काँक्रीटचा माथा जमिनीपेक्षा चार इंच वर काढून चारी बाजूंना उतार द्यावा. सभोवती पोकळी राहिली तर ती वाळूने भरावी. उकरलेली काळी माती परत लोटली की सगळी मेहनत वाया. काँक्रीटवर बारदान टाकून ते सात दिवस ओले ठेवावे आणि त्यानंतरच तुळया चढवाव्यात.

लाकडी खांब काँक्रीटमध्ये पुरू नये. जमिनीच्या रेषेवर ओल आणि हवा दोन्ही मिळतात, तिथेच तो कुजतो, वाळवीही तिथूनच शिरते. काँक्रीटमध्ये लोखंडी पट्टीचा जोडा रोवून खांब दोन इंच अधांतरी बोल्टने धरावा. सागवान महाग पडते, म्हणून बहुतेक लोक ५० मिमी चौकोनी लोखंडी पाइप वापरतात. त्याचे वरचे तोंड झाकून वेल्ड करणे विसरले जाते. मग पाणी आत उतरते आणि पाइप आतून गंजत जातो, रंग मात्र बाहेरून झकास असतो. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात दीड फुटाची तिरपी पट्टी हवीच. पावसाने भिजलेला मधुमालतीचा गच्च पसारा जूनच्या वादळात शिडासारखा वारा धरतो, आणि तिरप्या पट्टीशिवाय चौकट कलते.

छत : इंदूरचा अक्षांश सुमारे २२.७° उत्तर. मे-जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो, तर डिसेंबरच्या अखेरीस तो दक्षिणेला ४४ अंशांपर्यंतच चढतो. म्हणून छताच्या पट्ट्या उत्तर-दक्षिण, उभ्या धारेवर बसवाव्यात : चार इंच उंचीची पट्टी आणि चार इंचांची फट. अशाने मे महिन्यात दुपारी साडेतीननंतरचे पश्चिमेचे ऊन अडते, थंडीत मात्र दुपारचे ऊन आत येते. भर दुपारचे ऊन अडवायला पट्ट्या पुरत नाहीत, ते काम पानांचे. पश्चिमेच्या बाजूला जाळी लावली तर उतरत्या उन्हाचीही सोय होते.

वेल : वेल कसा चढतो हे पाहून आधार द्यावा. दोडका, दुधी, कारले, कृष्णकमळ, संक्रांतवेल यांना तणावे (आधाराला वेढे घालणारे दोऱ्यासारखे अवयव) असतात. ते बारीक तारेला किंवा दोरीला वेढे घालतात, जाड खांबावरून मात्र घसरतात. त्यांच्यासाठी सहा-सहा इंचांवर १२ गेजची तार ताणावी. गोकर्ण, मधुमालती आपल्या खोडानेच गुंडाळत जातात. बोगनवेल मुळी चढतच नाही, काट्यांनी अडकून टेकते. ती बांधावी लागते, आणि येण्या-जाण्याच्या कमानीवर लावूच नये. उन्हाने तापलेल्या पाइपवर कोवळे शेंडे होरपळतात. पहिले दोन उन्हाळे खांबांना काथ्या गुंडाळून ठेवला की वेलाला पकडही मिळते.

वेलाचा खड्डा खांबाच्या काँक्रीटपासून फूटभर दूर, दीड फूट लांब-रुंद-खोल. माती, वाळू आणि शेणखत सारख्या भागांनी भरावे. नुसत्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात. बहुतेक वसाहतींत नर्मदेचे नळ एक दिवसाआड येतात, तेव्हा नव्या रोपाला पाच लिटरची बादलीही त्याच हिशेबाने पडते. जमिनीवर पालापाचोळ्याचा तीन इंचांचा थर घातला की तेवढे पुरते.

मधुमालती सगळी वर जाऊन खाली नुसत्या काटक्या उरणे, ही नेहमीची तक्रार. पहिल्या वर्षी दोन फुटांवर शेंडा खुडून तीन-चार फांद्या काढाव्यात आणि त्यांतल्या दोन आडव्या वळवाव्यात. ती आणि जाई नव्या फुटव्यावर फुलतात, म्हणून त्यांची छाटणी फेब्रुवारीत. संक्रांतवेल जानेवारी-फेब्रुवारीत केशरी होतो. त्याला बहर ओसरल्यावरच कात्री लावावी. दिवाळीच्या साफसफाईत तो छाटला की त्या वर्षी एक फूल दिसत नाही.

छाटणीचा ढीग याच शहराचे नाव मिळालेल्या पद्धतीने जिरवता येतो. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात येथील वनस्पती उद्योग संस्थेत काडीकचरा, शेण, माती आणि राख यांचे थर रचून, ते उलथून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. फांद्या बोटभर तुकड्यांत चिराव्यात. बोगनवेलीची छाटणी मात्र वेगळी ठेवावी. तिचे काटे लवकर कुजत नाहीत आणि खत पसरताना हातात मोडतात.