तीन महिने कुणाला सांगायचं नाही?

"तिसरा महिना सरेपर्यंत बोलू नकोस, नजर लागते." ध्यानीमनी नसताना प्रेग्नन्सी कीटवर दोन गुलाबी रेघा उमटल्या, तेव्हा मलाही हेच ऐकवलं गेलं. मी गप्प राहिले. फोडणीच्या वासाने पोटात ढवळलं, की पित्त झालंय म्हणून वेळ मारून न्यायची.

सांगितल्याने गर्भ पडत नाही. बहुतेक गर्भपात पहिल्या 12 आठवड्यांत होतात, एवढाच या समजुतीतला खरा भाग. त्यातल्या साधारण निम्म्यांमागे गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतो आणि तो बहुधा गर्भधारणेच्या वेळीच ठरलेला असतो. नजर, जिना चढणं, शेजारणीला आधी कळणं, यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. म्हणून गर्भ पडलेल्या बाईला "कशाला सांगितलंस?" असं कधीही विचारू नका.

नुकसान होतं ते लपवण्याने. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्यावर दोनेक आठवड्यांतच. ती नीट मिटावी म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी त्याआधीपासून हवी. दिवस अनपेक्षित राहिले तर ती सुरूच झालेली नसते, म्हणून कळल्याबरोबर डॉक्टरांकडे जा. आशाताईंकडे नोंदणीही 12 आठवड्यांच्या आत करायची असते.

गावभर कधी सांगायचं ते तुम्हीच ठरवा. पण आईला, सासूबाईंना, जिच्यावर भरवसा आहे त्या बहिणीला लवकर सांगा. अचानक अंगावरून गेलं किंवा पोटात एका बाजूला असह्य दुखलं, तर रात्री दोन वाजता दवाखान्यात नेणाऱ्याला ते आधीच माहीत असायला हवं.