पांढऱ्या पडद्यापुढची मुलगी आणि शाईचा बोका

माणूस आणि कार्टून एकाच चौकटीत वावरताना दिसले की ‘ही कंप्युटरची करामत’ असं सर्रास म्हटलं जातं. हल्ली त्यात ‘एआय’ची भर पडली आहे. जुन्या मूकपटाचा एखादा तुकडा मोबाइलवर फिरत आला की खाली शंका ठरलेली: हे शंभर वर्षांपूर्वीचं असूच शकत नाही, मागाहून कोणीतरी घातलंय. पण १९२३ साली कॅन्सस सिटीत वॉल्ट डिस्नेनं चार वर्षांच्या व्हर्जिनिया डेव्हिसला कार्टूनच्या जगात नेऊन सोडलं होतं. पटाचं नाव ‘ॲलिसेस वंडरलँड’. त्यातून निघालेली ॲलिसच्या छोट्या पटांची मालिका १९२७ पर्यंत चालली आणि पन्नासच्या वर पट झाले. साधनं म्हणाल तर कॅमेरा, चांदीच्या क्षारांचा लेप दिलेली फिल्म, कागद आणि काळी शाई.

त्याआधीच्या प्रयोगांत माणूस आणि चित्र बहुधा एका फ्रेममध्ये, म्हणजे फिल्मवरच्या एकाच स्थिर चित्रात, खऱ्या अर्थानं मिसळत नव्हते. १९०० सालच्या ‘एन्चांटेड ड्रॉइंग’मध्ये जे. स्टुअर्ट ब्लॅकटन मोठ्या कागदावर बाटली आणि पेला काढतो, हात पुढे करतो आणि बाटली खरी होऊन हातात येते. यात कॅमेरा थांबवायचा, माणसानं जागच्या जागी गोठायचं, कागदावरची बाटली घालवून हातात खरी द्यायची, कॅमेरा पुन्हा सुरू करायचा. तेवढ्यात खांदा बोटभर जरी हलला तरी पडद्यावर झटका बसतो. १९१४ मध्ये व्यंगचित्रकार विन्सर मॅके आपली ‘गर्टी’ डायनासोर घेऊन रंगमंचावर उभा राहायचा. तो सफरचंद फेकल्याचा आव आणून ते हातात लपवायचा आणि त्याच क्षणी पडद्यावरची गर्टी चित्रातलं सफरचंद झेलायची. शेवटी तो पडद्यामागे जायचा आणि चित्रातला मॅके गर्टीवर स्वार व्हायचा. वेळ साधण्याचं हे कौशल्य थोरच, पण फिल्मवर माणूस नव्हताच. (नंतर चित्रपटगृहांसाठी केलेल्या आवृत्तीत माणसांचे प्रसंग जोडले, तेही वेगळे तुकडे म्हणून.)

खरा प्रश्न दोघांना एकाच फ्रेममध्ये, एकाच वेळी हलतं ठेवण्याचा. तिथे फिल्मचा स्वभाव आडवा येतो.

फिल्मवरच्या क्षाराच्या कणावर पुरेसा प्रकाश पडला की डेव्हलप केल्यावर तिथे काळी चांदी उरते. म्हणून निगेटिव्हवर उजळ जागा काळी दिसते आणि काळी जागा कोरी, काचेसारखी राहते. एकदा पडलेला प्रकाश परत काढून घेता येत नाही. त्याच फ्रेमवर दुसऱ्यांदा प्रकाश पाडला तर तो आधीच्यात मिळवला जातो. फिल्मला बेरीज येते, वजाबाकी येत नाही.

या बेरजेचा सरळ उपयोग म्हणजे डबल एक्स्पोजर. काळ्या मखमलीपुढे माणूस उभा करून चित्रण करायचं. मखमलीकडून प्रकाश येत नाही, तेवढी फिल्म कोरी राहते. मग भिंगावर झाकण घालून हँडलचे फेरे मोजत फिल्म मागे न्यायची आणि कोऱ्या जागी दुसरं दृश्य घ्यायचं. दोन्ही आकृत्या एकमेकींवर आल्या की मात्र बेरीज उघडी पडते आणि माणूस धुरकट, आरपार दिसतो. याच आरपार माणसाला ‘आत्मा’ म्हणून विकलं गेलं. अमेरिकेत विल्यम मम्लर मृत नातलगांचे ‘आत्मे’ फोटोत उमटवून पैसे घेत असे. १८६९ मध्ये न्यूयॉर्कात त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला, आणि तो सुटला. आजही ‘फोटोत आत्मा दिसला’ म्हणून चित्रं पाठवली जातात आणि शोकात असलेली माणसं त्यावर विश्वास ठेवतात. ही दुःखाची लूट आहे, आणि तिच्यामागचं विज्ञान दहावीच्या पुस्तकापलीकडचं नाही.

ॲलिससाठी काळं नव्हे, पांढरं वापरलं गेलं. मोकळ्या जागेत, उन्हात पांढरं कापड ताणायचं आणि त्यापुढे मुलीला उभं करायचं. हे चित्रण नंतर चित्रांशी एकजीव करण्याची एक रीत इथे पावलापावलानं पाहू, कारण सगळी गंमत तिच्यातच आहे.

मुलीच्या निगेटिव्हवर कापडाची जागा गच्च काळी येते. त्यावरून पॉझिटिव्ह प्रिंट काढली की उलट होतं: भोवताल काचेसारखा स्वच्छ आणि मधे मुलगी, करड्या छटांत. आता ही प्रिंट आणि एक कोरी फिल्म, लेपाला लेप चिकटवून, एकाच कॅमेऱ्यात एकदम भरायची. कॅमेरा रोखायचा टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर, ज्यावर शाईनं बोका काढला आहे. दिवे लावून एक फ्रेम घ्यायची, दोन्ही फिल्म एकेक घर पुढे सरकवायच्या, चित्र बदलायचं, पुन्हा एक फ्रेम.

कागदाच्या पांढऱ्या भागाकडून आलेला प्रकाश आधी प्रिंटमधून जातो, मग कोऱ्या फिल्मवर पडतो. प्रिंट जिथे स्वच्छ आहे तिथे तो पुरता पोचतो. जिथे मुलगी आहे तिथे तिच्या छटांनुसार अडतो, म्हणजे कागद इथे प्रिंट काढण्याच्या दिव्याचं काम करतो आणि मुलीची नवी निगेटिव्ह आपोआप तयार होते. जिथे बोक्याची शाई आहे तिथून प्रकाश निघतच नाही. या निगेटिव्हवरून शेवटची प्रिंट काढली की मुलगी आणि बोका शेजारी शेजारी उभे असतात.

इथे फिल्मला दोनदा बेरीज करायला लावलेली नाही. एकाच प्रकाशाला दोन गाळण्यांतून नेलं आहे, म्हणून झाला तो गुणाकार. कागद ८० टक्के प्रकाश परत पाठवत असेल आणि प्रिंटचा तो ठिपका त्यातला निम्मा जाऊ देत असेल, तर पोचतो ०.८ गुणिले ०.५, म्हणजे ४० टक्के. दोघांपैकी एक जरी शून्य असला तरी उत्तर शून्य, म्हणजे पडद्यावर काळं. गुणाकारात काळा रंग नेहमी जिंकतो.

या एका नियमातून त्या पटांचं रूप समजतं. चित्रातली एखादी रेघ मुलीच्या जागेवरून गेली तर ती तिच्या अंगावर उमटणार, म्हणून तिच्यामागे दाट झाडी काढून चालत नाही. थोड्या रेघांचा डोंगर, कुंपण, बाकी कोरा कागद. ॲलिसचा सोबती ज्युलियस काळा बोका आहे. त्याचं काळं अंग मुलीवर आलं तर तो पुढे उभा असल्यासारखा ठसठशीत दिसतो, पण त्याचा पांढरा चेहरा तिच्यावर आला तर चेहऱ्यातून तिचा फ्रॉक दिसायला लागतो. आणि बोक्याला मुलीच्या मागे पाठवायचं तर तेवढा बोका काढायचाच नाही, तिच्या कडेशी रेघ तोडायची. एवढं करण्यापेक्षा दोघांना अंतर राखून ठेवणं किंवा मुलीच्या आकाराचा मास्क कापून तेवढा प्रकाश अडवणं बरं पडतं. मास्कचं काम चोख, पण मुलगी हलते, म्हणून तो सतत बदलत राहावा लागतो.

बिघडायला जागा पुष्कळ. कापडाला सुरकुती पडली किंवा मुलीची सावली त्यावर आली तर तेवढा भाग करडा होतो आणि गुणाकारात मुलीभोवती मळकट डाग बनून येतो. पांढरा फ्रॉक घातला तर कड कापडात विरून जाते. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नसे, लाल ओठ काळे येत. निळा मात्र जवळजवळ पांढरा येई. फिकट निळ्या पेन्सिलीनं कच्च्या रेघा मारल्या की त्या खोडायची गरज नाही, कॅमेऱ्याला त्या दिसतच नाहीत.

सगळ्यांत मोठा शत्रू थरथर. फ्रेमची रुंदी साधारण २४ मिलिमीटर. पडदा ६ मीटर रुंद असेल तर चित्र २५० पट मोठं होतं. दोन फिल्म एकमेकींपासून मिलिमीटरच्या दहाव्या भागानं सरकल्या तर पडद्यावर बोका मुलीपासून अडीच सेंटिमीटर हलतो, आणि दर फ्रेमला वेगळा हलतो. धुऊन वाळवलेली फिल्म आकसते, तिच्या कडेची भोकं कोऱ्या फिल्मच्या भोकांशी तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून प्रिंट शिळी होऊ न देता काम उरकावं लागतं.

मग हिशेब. मूकपटाचा वेग सेकंदाला सुमारे १६ फ्रेम धरू. कॅमेऱ्याच्या हँडलच्या एका फेऱ्यात ८, म्हणजे सेकंदाला दोन फेरे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात, म्हणजे एक सेकंद बरोबर एक फूट. आधी मुलीचं चित्रण करायचं, मग एकेक फ्रेम मोजून तक्ता करायचा: ७३ व्या फ्रेमला हात पुढे येतो, ८१ व्याला टाळी. बोक्याचा पंजा ८१ लाच भिडला पाहिजे. तो ८४ ला आला तर पाव सेकंदसुद्धा चुकत नाही, तरी बघणाऱ्याला टाळी खोटी वाटते. मुलीनं रिकाम्या हवेत नेमक्या उंचीवर बघायचं, कारण बोका तेव्हा जन्मलेलाही नसतो.

हा हिशेब आपल्याकडच्या एका गोष्टीलाही लावून पाहावा. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला, त्यात कुंडीतला वाटाणा डोळ्यांदेखत उगवतो. महिनाभर रोज एक फ्रेम घेतली, असं पुष्कळदा छापलं जातं. ३० फ्रेम पडद्यावर दोन सेकंदही टिकत नाहीत. मिनिटभराच्या पटाला ९६० फ्रेम लागतात, म्हणजे महिनाभर दिवसाला ३२. फाळक्यांची चिकाटी त्या प्रचलित गोष्टीपेक्षा मोठी होती. पुढे ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी काड्या नाचवल्या त्याही याच एकेक फ्रेमच्या रीतीनं.

न्यूयॉर्कात मॅक्स फ्लायशर या कार्टूनपटकारानं वेगळी वाट काढली. १९१७ मध्ये पेटंट मिळालेल्या त्याच्या रोटोस्कोपमध्ये चित्रित माणसाची एकेक फ्रेम मागून दुधी काचेवर पडते आणि चित्रकार तीवर कागद ठेवून गिरवतो. गिरवायच्या चित्रणासाठी विदूषकाचा पोशाख त्याच्या भावानं, डेव्हनं घातला होता. त्यातूनच ‘आउट ऑफ द इंकवेल’ या कार्टून मालिकेतला विदूषक कोको आला, दौतीतून निघणारा आणि शेवटी दौतीतच परतणारा. कोको खऱ्या टेबलावर चालतो तेव्हा खाली टेबलाचा मोठा केलेला फोटो असतो आणि वर सेल, म्हणजे सेल्युलॉइडचा पारदर्शक पत्रा, त्यावर रंगवलेला कोको. रंग अपारदर्शक, म्हणून तो खालचं टेबल झाकतो. बेरीज नाही, गुणाकार नाही, भुतासारखं आरपारही काही नाही. अडचण वेगळीच येते. दर सेल थोडा प्रकाश खातो. एका फ्रेमला दोन सेल आणि पुढच्या फ्रेमला तीन झाले तर टेबल एकदम अंधारतं. म्हणून गरज नसली तरी कोरा सेल घालून थरांची संख्या सारखी ठेवतात, आणि वरून काच दाबण्याआधी प्रत्येक सेलवरची धूळ पुसतात. एक कण राहिला तर तो पडद्यावर कोकोच्या शेजारी शेंगदाण्याएवढा होऊन एका फ्रेमपुरता चमकतो.